मॅनेजरने पाडलेलं भोक

माझ्या भाच्याला मॅनेजर हे नाव त्याच्या आईने ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही. लहानपणी घर आवरायला काढलं की हा मधोमध स्टूल मांडून बसायचा आणि कोणी काय उचलायचं ते बोट दाखवून सांगायचा. स्वतः स्टुलावरून उतरायचा नाही. त्यामुळे सगळं घर लख्ख व्हायचं आणि स्टुलाखालचा केर तेवढा शिल्लक राहायचा. एकदा माझी ताई वैतागून म्हणाली, "मॅनेजरसाहेब, निदान पाय तरी वर घ्या." साहेबांनी पाय वर घेतले. केर काढायला ताईच वाकली.

असा हा मुलगा शाळा संपताना चांगले मार्क घेऊन बसला. कसे ते कोणालाच कळलं नाही, त्याच्या शाळेला तर मुळीच नाही. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, कॉलेज आमच्या गावात निघालं, आणि एक बॅग, दोन उशा आणि अफाट आत्मविश्वास घेऊन तो आमच्या मधल्या खोलीत राहायला आला. उशा दोन का, असं माझ्या बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "मामी, अभ्यास पडून करावा लागतो."

पोहोचवायला भाऊजी आले होते. त्यांचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा कापायच्या, फोटोंना चौकटी करायच्या, आरसे विकायचे. माणूस मितभाषी. दिवसभर काचेशी काम केल्यामुळे असेल, पण बोलतानासुद्धा शब्द जपून खाली ठेवतात. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "पहिलं वर्ष एका दमात पार पडलं पाहिजे. नाही पडलं तर दुकानात ये. काचा पुसायला माणूस लागतोच आहे."

मॅनेजरचा चेहरा उतरला. त्याला कष्टाची भीती नव्हती, कारण कष्टाशी त्याची ओळखच नव्हती. त्याला भीती होती ती आरशांची. त्या दुकानात चारी भिंतींना आरसे. तिथे एक जांभई दिली तर ती आठ ठिकाणी दिसते, आणि गल्ल्यावर बसलेल्या बापाला पाठ फिरवूनसुद्धा दिसते. ज्याचं सारं आयुष्य कोणाच्या नजरेस न पडता आडवं होण्यावर उभं आहे, त्याला याहून मोठी शिक्षा नाही.

पहिल्या आठवड्यात तो कॉलेजातून यायचा तो लढाईवरून आल्यासारखा. दप्तर दारात, बूट दिवाणखान्यात, मोजे पंख्याखाली आणि स्वतः सोफ्यावर. माणूस इतकं कमी करून इतका दमलेला कसा दिसू शकतो, हे मी जवळून पाहत होतो.

"मामा, तुला कल्पना नाही," तो छताकडे बघत म्हणायचा. "पाच विषय आहेत. पाचही एकाच वेळी चालू."

"मग काय, एक संपला की दुसरा सुरू करायचा?"

"तेच तर मी सरांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"बाहेर उभं केलं."

गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रिकल आणि ड्रॉइंग. शिवाय वर्कशॉप, जिथे लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा असतो. या एका कामात मॅनेजरला हाताखाली माणूस मिळाला नाही. तो स्वतः घासत बसला. एक बाजू सरळ केली की दुसरी तिरकी व्हायची, ती सरळ केली की पहिली. असं करत करत त्याचा चौकोन शर्टाच्या बटणाएवढा झाला. वर्कशॉपच्या मिस्त्रींनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि आणखी लहान व्हायच्या आत सही करून टाकली.

सहीचं प्रकरण इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं होतं. या कॉलेजात प्रत्येक विषयाचं वर्षभराचं काम पूर्ण करून त्यावर त्या त्या सरांची सही घ्यावी लागते. एका विषयाची जरी सही राहिली तरी परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे आरसे.

एवढ्या संकटात सामान्य मुलगा काय करील? अभ्यास करील. पण आमचं रत्न सामान्य नव्हतं. एके दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की पाच विषयांचा प्रश्न सुटला.

"कोणी सोडवला?" बायकोने विचारलं.

"मीच. मामी, मला सांग, घरात पाच कामं असली तर एकच माणूस पाचही करतो का?"

"हो," बायको म्हणाली. "मी करते."

हे उदाहरण अंगावर आल्यामुळे त्याने ते सोडून दिलं आणि सरळ योजना सांगितली. वर्गातली पाच मुलं त्याने गोळा केली होती. प्रत्येकाने एकच विषय घ्यायचा. त्या विषयाच्या तासाला बसायचं, प्रयोग करायचे, वह्या लिहायच्या आणि बाकीच्यांनी त्या उतरवून घ्यायच्या. प्रत्येकाला एकच विषय, म्हणजे ओझं पाचपट कमी.

"आणि परीक्षेत?" मी विचारलं.

"परीक्षेच्या आधी प्रत्येक जण बाकीच्यांना शिकवणार."

"पाच विषयांना पाच मुलं झाली," बायको म्हणाली. "मग तुझ्याकडे कोणता विषय?"

मॅनेजरने घास संपवला, पाणी प्यायला आणि तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मामी, कोणीतरी सगळ्यावर लक्ष ठेवायला नको का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तुमच्या घराण्याचं रक्त, असं ती डोळ्यांनी म्हणाली. मी आमटी वाढून घेतली.

तर अशी ही कंपनी सुरू झाली, आणि तिचं मुख्य कार्यालय म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. मुलं वाईट नव्हती. ती एकमेकांना विषयानेच हाक मारायची. गणित म्हणजे एक चष्मेवाला मुलगा, जो बिस्किटंसुद्धा मोजून खायचा. केमिस्ट्रीच्या बोटांवर कायम कसले तरी पिवळे डाग असायचे आणि त्याच बोटांनी तो आमची चिवड्याची बशी संपवायचा. इलेक्ट्रिकल आला की आमच्या घरातलं एखादं बटण बंद पडायचं. फिजिक्स बोलायचाच नाही. आणि ड्रॉइंगवाल्या मुलाला सगळे पट्टी म्हणायचे, कारण तो तसाच होता. उंच, सरळ, आणि वाकवला तर मोडेल असा. पाचांतला खरा कामसू तोच. ड्रॉइंग हॉलमध्ये तासन् तास उभा राहून चित्रं काढायचा आणि पेन्सिलला टोक करतानासुद्धा श्वास रोखून धरायचा.

मॅनेजर या सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. म्हणजे टेबलाच्या टोकाला बसून "कुठवर आलं?" असं विचारायचा. शिवाय चहा करायचा. हे मात्र मान्य केलं पाहिजे की चहा तो बरा करायचा, आणि स्वतःसाठी बायकोचा तो मोठा, जड बुडाचा कप घ्यायचा.

आता ड्रॉइंगची गोष्ट अशी की ते वहीसारखं उतरवता येत नाही. भला मोठा कागद, त्याला शीट म्हणतात. त्यावर एखादी यंत्राची वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते पेन्सिलने रेघ न रेघ मोजून काढायचं. पट्टीला एका शीटला दोन दिवस लागायचे. मग बाकीच्यांनी काय करायचं? यासाठी इंजिनिअरिंगच्या पोरांनी फार पूर्वीपासून एक विद्या शोधून ठेवली आहे. दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची. काचेखाली दिवा लावायचा. काचेवर मूळ शीट, त्यावर कोरा कागद. खालच्या रेघा उजेडाने वर दिसतात आणि त्या गिरवायच्या की झालं. डोकं नको, मोजमाप नको, वस्तू तर नकोच नको.

काच कुठून आणायची हा प्रश्न मॅनेजरने फोनवर सोडवला.

"बाबा, एक काच पाहिजे होती. मोठी. जाड. कडा घासलेली."

"कशाला?"

"ड्रॉइंगसाठी लागते."

यात खोटं काही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात भाऊजी स्वतः काच घेऊन बसने आले. चादरीत गुंडाळलेली, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा बांधलेला. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा दुकानातली वस्तू मागितली होती, तीही अभ्यासासाठी. त्यांनी काच भिंतीला टेकवली, खिशातल्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली आणि म्हणाले, "यावर ओरखडा उठणार नाही. कितीही काम कर." चहा घेऊन ते लगेच परत गेले. बायको म्हणाली, "लाज वाटते का रे काही?" मॅनेजर म्हणाला, "कडा छान घासल्यात, नाही?"

शेवटची शीट एका लोखंडी ब्रॅकेटची होती. भिंतीला बसवायचा, दांडा पेलणारा, ओबडधोबड तुकडा. पट्टीने हॉलमध्ये तो खरा तुकडा समोर ठेवून सुंदर शीट काढली आणि शनिवारी दुपारी ती आमच्या टेबलावर आणून ठेवली. डोळे लाल झाले होते. "जपून ठेव," एवढंच मॅनेजरला म्हणाला आणि झोपायला निघून गेला.

मॅनेजरने शीटची तपासणी केली. तपासणी म्हणजे तिच्यासमोर बसून चहा प्यायला. त्याला त्यातली एकही रेघ कळत नव्हती, पण मान मात्र जाणकारासारखी हलत होती. मग दाराची बेल वाजली, इस्त्रीवाला आला होता, आणि साहेबांनी उठताना हातातला कप समोर जे होतं त्यावर ठेवला.

परत येऊन कप उचलला तर ब्रॅकेटच्या पोटावर, जिथे नुसतं भरीव लोखंड, तिथे एक गोल उमटलेला. अगदी पूर्ण, रेखीव, कंपासने काढावा तसा. त्याने खोडरबर घासलं. गोल फिकट झाला, पण गेला नाही. मग त्याने ओलं फडकं घेतलं. तेवढ्यात मी तिथे पोहोचलो आणि त्याचा हात धरला, नाहीतर ब्रॅकेटसुद्धा गेला असता.

"पट्टीला सांग," मी म्हटलं.

"कशाला उगाच? फिकट आहे. दिसतसुद्धा नाही."

दिवसा दिसत नव्हतं हे खरं. पण काचेखाली दिवा लागला की चहाचा डाग आणि पेन्सिलची रेघ यांत फरक राहत नाही. दोन्ही काळ्याच.

रविवारी दुपारी कंपनी कामाला लागली. माझ्या उशाशी असलेला दिवा काचेखाली गेला, दोन खुर्च्या गेल्या, आणि घरातल्या आम्हा दोघांना जेवायला स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहावं लागलं. पहिला बसला केमिस्ट्री. त्याला गोल दिसला, त्याने गोल काढला. पुढच्याने त्याच्या शीटवरून गिरवायचं, म्हणजे मूळ शीट खराब होत नाही, असा मॅनेजरचा नियम होता. दुसरा बसला गणित. त्याला बिनमध्याचा गोल सहन होईना. त्याने त्यातून एक उभी आणि एक आडवी मध्यरेषा काढली, आणि वर फूटपट्टीने मोजून व्यासही लिहून टाकला. तिसरा इलेक्ट्रिकल. त्याने विचार केला की समोरून भोक दिसतंय तर बाजूच्या चित्रातही दिसायला हवं. म्हणून बाजूने तुटक रेघांनी ते आरपार नेलं. चौथा फिजिक्स. त्याने काही न बोलता भोकाला आतून आटे पाडले, म्हणजे त्यात स्क्रू बसेल. असा चहाचा डाग संध्याकाळपर्यंत लोखंडात शिरून पार दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

मॅनेजरची शीट फिजिक्सने काढून दिली. पट्टी उठून आला तेव्हा त्याची मूळ शीट मळलेली होती. बोटांचे ठसे, चिवड्याचं तेल आणि ओल्या फडक्याने फुगलेला कागद. त्याने एक उसासा टाकला, कोरा कागद घेतला आणि फिजिक्सच्या शीटवरून स्वतःचंच चित्र गिरवून काढलं. भोकासकट. आट्यांसकट. दोन दिवस त्या तुकड्यासमोर उभा राहिलेला मुलगा. पण काचेवर हात चालायला लागला की डोकं सुटीवर जातं, आणि हुशार डोकं आधी जातं.

सोमवारी शीटा दिल्या. बुधवारी ड्रॉइंगच्या सरांनी त्या सहीशिवाय परत केल्या आणि सहाही जणांना सांगितलं, उद्या हॉलमध्ये या, येताना पालकांना आणा.

मॅनेजर घरी आला तो सोफ्यावर आडवा झाला नाही.

"मामा, तू चल," तो म्हणाला. "बाबांना नको कळवू."

"सही नाही मिळाली तर कळवावंच लागेल."

"मिळेल. सर एवढंच म्हणणार की सगळ्यांची सारखी का. मी सगळ्यांना उत्तर पढवलंय. वस्तू एक, मग चित्र एकच येणार. वेगवेगळी आली असती तर काळजीचं होतं."

कुठल्याही गोष्टीला त्याच्याकडे उत्तर असतं. फक्त प्रश्न दुसराच निघतो.

ड्रॉइंग हॉल म्हणजे शाळेच्या जेवणघरासारखी लांबलचक खोली. तिरकी टेबलं, उंच स्टुलं, आणि पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावं. आम्ही पालक मागे बसलो. फिजिक्सचा बाप सकाळची पाळी संपवून थेट आला होता आणि बसताक्षणी झोपला. इलेक्ट्रिकलने जो काका आणला होता तो काका नसून त्याच्या होस्टेलमधला मिशीवाला सीनियर होता, हे माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळत होतं.

सर बारीक, ठेंगणे, कानावर बोटाएवढी उरलेली पेन्सिल. त्यांनी सहाही शीटा फळ्यावर ओळीने लावल्या. सारख्या का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी पेन्सिलीचं टोक केमिस्ट्रीच्या गोलावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"होल आहे, सर."

"कशासाठी?"

केमिस्ट्रीने घसा साफ केला. "हवा खेळायला, सर. म्हणजे गंज धरत नाही."

सरांनी मान डोलावली, अगदी पटल्यासारखी. पुढे सरकले. "तुम्ही सांगा."

"वजन कमी करायला," गणित म्हणाला. "एवढ्या व्यासाचं लोखंड वाचतं."

"छान. तुम्ही?"

"वायर न्यायला, सर," इलेक्ट्रिकल म्हणाला. मागे बसलेल्या मिशीवाल्या काकाने कपाळाला हात लावला.

फिजिक्स वर्षभरात पहिल्यांदा बोलला. "स्क्रू."

"आणि तुम्ही?"

पट्टी स्वतःच्या शीटकडे असा पाहत होता की जणू घरात अनोळखी माणूस बसलेला सापडलाय. "सर, मी काढलं तेव्हा हे नव्हतं."

"मग आलं कुठून?"

"माहीत नाही, सर. पण काढलंय मीच."

सरांनी टेबलाखालून तो खरा ब्रॅकेट काढला आणि धाडकन समोर ठेवला. भरीव, काळा, मुका लोखंडी तुकडा. इलेक्ट्रिकलकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "या. यातून वायर घाला."

इलेक्ट्रिकल पुढे आला. त्याने ब्रॅकेट उलटा केला, सुलटा केला. भोक असायला हवं तिथे बोट टेकवून जरा दाबूनही पाहिलं. इंजिनिअर झाल्यावर हा मुलगा जिथे काम करणार असेल त्या इमारतीपासून मी लांब राहायचं ठरवलं. फिजिक्सचा बाप आवाजाने जागा झाला होता. त्याने मला हळूच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "लोखंडाला भोक नाही." तो म्हणाला, "बरं आहे की मग," आणि पुन्हा झोपला.

मॅनेजर राहिला होता. सर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. तो पायाकडे बघत होता. मला वाटलं आता हा भोकाला आणखी एखादा उपयोग सांगणार, आणि सही जन्मात मिळणार नाही. त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पाहतच होतो. बहुधा त्याला तिथेही आरसा दिसला असावा.

"सर," तो म्हणाला, "तो कप आहे."

"कसला कप?"

"चहाचा. मामीचा मोठा. मी पट्टीच्या शीटवर ठेवला होता. त्याचं बूड आहे ते."

सरांनी गणिताच्या शीटवर लिहिलेला व्यास वाकून वाचला. "बूड एवढंच आहे?"

"असेल, सर. गणिताने मोजलंय."

सरांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला. "या सगळ्या शीटमध्ये तुम्ही स्वतः काढलेलं काय आहे?"

मॅनेजरने विचार केला. खरोखर केला, कारण उत्तर शोधायला त्याची नजर शीटभर फिरली.

"तेवढंच, सर," तो म्हणाला.

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वळून म्हणाले, काच घरी ठेवायची, रोज संध्याकाळी इथे यायचं, हा ब्रॅकेट समोर ठेवून प्रत्येकाने आपापला काढायचा. आठवड्याभरात जमला तर सही, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. पट्टीकडे बघून म्हणाले, "तुम्हीही."

घरी येताना त्याने रस्त्यात एकच वाक्य उच्चारलं. "मामा, पट्टी माझ्याशी बोलणार नाही आता." मी म्हटलं, "मीही बोललो नसतो." घरी पोहोचल्यावर त्याने दप्तर पहिल्यांदाच दारात न टाकता खोलीत नेऊन ठेवलं.

पुढचा आठवडा त्या मुलाने उभं राहून काढला. ज्याला पेन्सिल फक्त कान कोरायला माहीत होती, तो तिने रेघा मारू लागला. त्याची समोरची बाजू वरच्या बाजूला जुळेना. एक रेघ खोडली की तिच्या शेजारची चुकीची वाटायची, ती खोडली की पहिलीच बरोबर होती असं कळायचं. बटणाएवढ्या चौकोनाचीच ही आवृत्ती. मी एकदा जाऊन दारातून डोकावलो. सगळी पोरं माना खाली घालून बसलेली आणि मॅनेजर खोडरबर घासतोय, घासतोय, टेबलाभोवती रबराचा नुसता भुसा पडलाय. पट्टीने आपलं कधीच संपवलं होतं. तो जाताना मॅनेजरच्या मागे थांबला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पेन्सिल दाबू नकोस एवढी. ती काय पळून चाललीय?" एवढं बोलून निघून गेला. मॅनेजरने पकड सैल केली.

शेवटच्या दिवशी त्याने शीट दिली तेव्हा मी हजर होतो. शीट कसली, आजारी माणसाची चादर होती. पण त्यातून ब्रॅकेट ओळखू येत होता. तिन्ही चित्रं एकाच वस्तूची वाटत होती, आणि हे यश मी त्याच्या तोंडावर कधीही मान्य करणार नाही. फक्त एक गोष्ट झाली होती. ब्रॅकेटच्या पोटावर, बरोबर त्याच जागी, त्याने इतक्या वेळा खोडलं होतं की कागद झिजून फाटला होता. तिथे आता भोक होतं. आरपार.

सरांनी शीट उजेडासमोर धरली. भोकातून एका डोळ्याने मॅनेजरकडे पाहिलं. मग त्यातून करंगळी घातली आणि दुसऱ्या बाजूने हलवून दाखवली.

"आता जातंय बोट," ते म्हणाले.

"हो, सर."

सरांनी कानावरची पेन्सिल तशीच ठेवून खिशातलं पेन काढलं आणि त्या भोकाच्या बाजूला, कागद आणखी फाटू नये म्हणून हळूच, सही केली.

त्या दिवसापासून कंपनी बुडाली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा पाच जणांना प्रत्येकी एक विषय येत होता आणि मॅनेजरला एक ब्रॅकेट. मग तो एकेकाकडे शिकायला जाऊ लागला. कोणी त्याला आमंत्रण दिलं नव्हतं. तो प्रत्येकाला चहा करून पाजायचा आणि समोर वही उघडून बसायचा. गणिताने त्याला फार छळलं. पट्टीने सगळ्यात शेवटी बसू दिलं. निकालात साहेब पाचही विषयांत पास झाले, पण एवढ्या काठावरून की वारा आला असता तर पडले असते.

भाऊजींना फोन त्याने स्वतः केला. ते निकाल ऐकून म्हणाले, "काच उपयोगी पडली का?"

इकडे बायकोने हातातली चाळण खाली ठेवली. मीही वर्तमानपत्र खाली घेतलं.

"बाबा, ती नसती तरी चाललं असतं," मॅनेजर म्हणाला. "पण कडा छान घासल्यात."

"घेऊन ये मग येताना," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाईक आहे एक." आणि साहेब ती काच चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, सुटीत बसने घरी गेले. महिनाभर दुकानात काचाही पुसल्या म्हणे. ताईच्या म्हणण्याप्रमाणे बऱ्या पुसल्या, पण आरशात स्वतःकडे बघत पुसल्यामुळे वेळ फार लागला.

एवढ्यावरून कोणाला वाटेल की मुलगा सुधारला. मलाही चार दिवस वाटलं. दुसरं वर्ष सुरू झालं आणि एका रविवारी आमच्या टेबलाभोवती चार नवी, घाबरलेली, पहिल्या वर्षाची पोरं बसलेली दिसली. टेबलाच्या टोकाला मॅनेजर, हातात तो मोठा कप. पोरं वह्या उघडून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"पाच विषय एकदम बघून घाबरायचं नाही," तो सांगत होता. "मी यातून गेलोय. पहिली गोष्ट नीट लक्षात ठेवा." आणि सर्वांच्या नजरा आपल्यावर खिळल्याची खात्री करून घेत त्याने कप जपून खाली ठेवला. "टेबलावर शीट असली की कपाखाली बशी पाहिजे."

एका पोराने ते लिहून घेतलं.